पोट्टी वापस येते

"थांबा, आता पोट्टी बोलते," म्हणत काका रिमोटचं बटण दाबायचे, आणि पडद्यावरची गोरी मुलगी तोंड अर्धवट उघडून तशीच थांबायची. ती काय बोलणार ते आधी काकूंना वऱ्हाडीत सांगून झालं की मगच तिला बोलायची परवानगी. दीड तासाचा सिनेमा त्यामुळे तीन तास चालायचा.

बूढापारा या तलावाकाठच्या वस्तीत मी काका-काकूंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहतो. रविवारी दुपारी तलावावरून वारा यायचा, खिडकीचे पडदे फुगायचे आणि खाली तोच एक जुना, काळा-पांढरा इंग्रजी सिनेमा लागायचा. जहाजं बांधणारं धुकट गाव, गोदीच्या मालकाची मुलगी आणि तिथे जहाजाच्या पत्र्यांना रिव्हेट ठोकणारा मुलगा. मीही जिन्याच्या पायरीवर बसून पाहायचो, आणि अर्धवट झोपेत मला आपलं घरच पाण्यावर असल्यासारखं वाटायचं.

काकांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पण जन्म गेला उरल्याच्या लोखंडी पत्र्यांच्या रोलिंग मिलमध्ये, त्यामुळे प्रेमाच्या ऐन प्रसंगातही त्यांची नजर मागच्या लोखंडावर. "हा मुका घेऊन राहिला अन् तिकडे पत्रा थंडा होऊन राहिला," असं ते कळवळून म्हणायचे. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या.

शेवटी ती मुलगी त्या मुलाने बांधलेल्याच जहाजातून निघून जाते. परत येणार नाही, असं स्वच्छ इंग्रजीत सांगते. काका मात्र तिथे बटण दाबून म्हणायचे, "पोट्टी म्हणते, मी वापस येईन."

मला राहवलं नाही. एकदा जिन्यात मी त्यांची चूक काढली. त्यांची एकुलती एक मुलगी भांडून परदेशी गेली होती, फोनसुद्धा करत नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण डोक्यात उजेड पडला नव्हता.

"तिच्या मायले काय सांगू, भाऊ?" काका एवढंच म्हणाले. माझी मलाच लाज वाटली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मुलीला कळवलं, ती आली नाही. तेरावं झाल्यावरच्या रविवारी काकूंनी मला खाली बोलावलं आणि रिमोट माझ्या हातात दिला. मी जमेल तसा सिनेमा सांगितला. शेवटाला मीही बटण दाबलं.

"वापस येईन म्हणते," मी म्हणालो.

काकू पडद्यावरच्या जहाजाकडे पाहत राहिल्या. "तुमी बी त्यांच्याच शाळेतले," त्या म्हणाल्या. "जहाज लहान लहान होत जाते, भाऊ. येत असतं तर मोठं नसतं झालं का?"

म्हणजे त्यांना पहिल्यापासून कळत होतं. मग काकांना कधी बोलल्या का नाहीत, मी विचारलं.

"काहून बोलू? थ्या एका गोष्टीवर तर जगून राहिले होते थे."

त्यांनी माझ्या हातातून रिमोट घेतला, बटण दाबलं, आणि जहाज निघालं.