लूमचं तेल

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. विषय निघाला की मी चहा मागवायचो. आता डॉक्टरांनी चहा बंद केला आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

जॉबर डोळे मिटून बोलिंगची लेन ओळखायचे. साठ फुटांच्या त्या लाकडी पट्टीवर तळहात फिरवायचे, बोट हुंगायचे आणि म्हणायचे, "आज ओली हाय." भिवंडीत, कोन गावाजवळच्या मॉलमध्ये मी बोलिंगचा मॅनेजर होतो, ते लेनला तेल लावायचे. त्याआधी तीस वर्षं ते पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. लूम बंद पडले, एक कान त्या खडखडाटात गेला, नाव तेवढं राहिलं. टेमघरच्या या माणसाला त्या वयात दुसरं कोणी कामावर घेणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं. मलाही.

लोकांना वाटतं, बॉल हाताने टाकायचा असतो. जॉबर म्हणायचे, "हात मागून. आधी लेन बघा." सकाळी तेल ताजं असतं, बॉल घसरतो, वळत नाही, तेव्हा सावकाश टाकायचा. दुपारपर्यंत बॉलच तेल पुसून नेतात, लेन सुकते, बॉल लवकर वळतो; तेव्हा डावीकडे सरकून उभं राहायचं, वेग वाढवायचा, मनगट शांत ठेवायचं. "लेन तुमचं ऐकणार न्हाय. तुमीच पाय सरकवा." मी मात्र दोन्ही वेळेला एकाच जागी उभा राहून मनगट पिळायचो. "साहेब, लई फिरवता. सरळ टाका." माझा बॉल बाजूच्या नालीत जायचा. तिला गटर म्हणतात. भिवंडीत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

मॉलच्या मालकांनी एकदा व्याह्यांसमोर मॅच ठेवली. महिनाभर ते बॉल वळवायला शिकले होते. त्या दिवशी सकाळी कळलं की लेनचं तेल संपलंय आणि मी मागवायला विसरलोय.

"जॉबर, लूमचं तेल चालेल का?" मी विचारलं.

"न्हाय साहेब. लूमचं तेल लूमला."

ते जेवायला गेले. मी बाजारातून डबा आणला आणि पोछ्याने लेन चकचकीत केली. अगदी पलीकडच्या टोकाला उभ्या पिनांपर्यंत.

मालकांचा बॉल वळलाच नाही. साबणाच्या वडीसारखा सरळ गटरमध्ये गेला. तीनदा. मालक वाकले, बोट लावून हुंगलं. मॉलच्या आधी त्यांचेही लूम होते. "अरे, हे तर लूमचं तेल!"

सगळ्यांनी जॉबरकडे पाहिलं. जॉबरनी माझ्याकडे पाहिलं. मी स्कोअर बोर्डाकडे पाहिलं.

"काय रे जॉबर, अजून लूममध्येच आहेस का?" मालक म्हणाले. "टाकून दाखव आता तूच!"

जॉबरनी लेनवर हात फिरवला, एक पाऊल मधे सरकले आणि बॉल सावकाश, न फिरवता सोडला. दहाच्या दहा पिना पडल्या.

"बघा!" मालक व्याह्यांना म्हणाले. "ज्याने लावलं, त्यालाच जमणार!"

तीस वर्षांचा हात आणि तळहाताची अक्कल हाच पुरावा ठरला. संध्याकाळी जॉबरची नोकरी गेली. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "रॉकेलनं पुसू नका साहेब, लाकूड जाईल. साबणाच्या पाण्यानं पुसा." मी तसंच पुसलं. मग मालकांच्या सांगण्यावरून भिंतीवर सूचना लावली: 'लेनवर फक्त कंपनीचेच तेल वापरावे.' खाली सही माझी.

गेल्या वर्षी टेमघरला त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसले होते. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसलो. हवेबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल, रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल. मग म्हणालो, "तेव्हा कसं झालं बघा, एकूण परिस्थितीच अशी होती..."

जॉबर हसले. "साहेब, अजून लई फिरवता."

मी "बराय, येतो" म्हणालो आणि उठलो. पुढच्या खेपेला सरळ बोलायचं ठरवलं. महिन्याभरात ते गेल्याचं कळलं.

वाक्य काही लांब नव्हतं. जॉबर, ते तेल मी लावलं. मला माफ करा.