तांड्यातली सतरा माणसं

कळंबजवळच्या एका शाळेत १९६८ साली मी शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा मैनाबाई ढोले तिथं मुख्याध्यापिका होत्या. बुटक्या, सावळ्या, बोलणं मोजकं. हजेरीपटात खाडाखोड दिसली की जागच्या जागी उभं करून दुरुस्त करून घ्यायच्या. पुसद तालुका सोडून तुम्ही इकडं कशा आलात, असं मी एकदा विचारलं. "खानेसुमारीनं आणलं," म्हणाल्या आणि वर्गावर निघून गेल्या. पुढची हकीकत मला तुकड्यातुकड्यानं कळली; थोडी त्यांच्याकडून, बरीचशी त्यांचे दीर मारोतराव यांच्याकडून.

बाईंचं माहेर महागावचं, सासर सावरटेक. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा विषमज्वरानं गेला. सासरे जुन्या वळणाचे, पण शहाणे. सातवी पास सून आहे, ती नुसती चूल फुंकून काय करणार, असं म्हणून त्यांनी तिला यवतमाळला ट्रेनिंगला पाठवलं. ती मास्तरीण होऊन सावरटेकलाच परत आली. गावात ढोल्यांची पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, आणि तुरीची वावरं होती, ती धाकटा दीर मारोतराव बघायचा.

१९६१च्या जनगणनेसाठी, म्हणजे खानेसुमारीसाठी, गावातून प्रगणक म्हणून हेडमास्तरांचं नाव गेलं होतं. त्यांना दमा. पुसदच्या कचेरीतून दुसरं नाव मागितलं, तेव्हा बाईंनी आपलंच लिहून पाठवलं. गावचे बापूजी पाटील हसले. "गावात फिराल हो बाई. पण संग लखीरामचा तांडाही येते. तिथं कसं कराल?"

"तिथंही घरं आहेत ना," बाई म्हणाल्या.

पुसदला शिकवणी झाली तेव्हा चाळीस पुरुषांत त्या एकट्या बाई होत्या. माणसामागे एक चिठ्ठी भरायची. नाव, वय, लग्न, जन्मगाव, शिक्षण, मातृभाषा, कामधंदा. त्यांनी सूचनांचं पुस्तक घरी आणून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. बाकीच्यांनी ते वाचलं नसावं.

लखीराम नाईकाचा बंजाऱ्यांचा तांडा गावापासून दोन मैलांवर, टेकडीच्या पलीकडे. या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत. आता तिथंच जमीन फोडून ज्वारी पेरत होते. डिसेंबरात घरांवर गेरूनं नंबर टाकायचं काम झालं, ते बाईंनीच केलं. आठ दिवसांनी जाऊन पाहिलं तर एकाही दारावर नंबर नव्हता. शेणानं सारवून टाकले होते. बाईंनी काही न बोलता पुन्हा गेरू कालवला आणि पुन्हा सगळे नंबर टाकले. दुसऱ्यांदा ते कोणी पुसले नाहीत, पण कोणी पाणीही विचारलं नाही.

फेब्रुवारीत खरी मोजणी सुरू झाली. गाव तीन दिवसांत संपलं. चौथ्या दिवशी सकाळी बाई तांड्यावर गेल्या, तेव्हा लखीराम नाईक वाटेतच लिंबाखाली खाट टाकून बसला होता. साठीचा माणूस, डोक्याला लाल फेटा.

"बाई, आमची नावं कायले पाह्यजेत तुमाले?"

"सगळ्या देशाची घेऊन राह्यलो, नाईक. माझंही नाव लिहिलं आहे."

"तुमचं लिहिलं तर तुमाले काही होत नाही." नाईक म्हणाला. "आमी पैनगंगेच्या त्या तटाचे. निजामाच्या मुलखात माह्या बापाचं नाव असंच लिहिलं होतं, चोराच्या जमातीत. मग रोज सांजच्याले ठाण्यावर हजेरी. लेकराचं बारसं असो का घरात मढं असो, रांगेत उभं राह्यचं न् नाव घेतलं की हो म्हनाचं. एक दिवस बाप तापामुळं हजेरीले गेला नाही तर त्याले मारत नेलं. त्याच्यासाठीच हा तट धरला आमी."

बाईंना हे ठाऊक नव्हतं. गावाला तांड्याबद्दल एवढंच माहीत होतं की ते लोक चोऱ्या करतात. त्यांनी पिशवीतून सूचनांचं पुस्तक काढलं आणि खाटेसमोर जमिनीवर बसून वाचून दाखवलं. चिठ्ठीत लिहिलेलं कोणालाही दाखवायचं नाही. ते कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. प्रगणकानं फोडलं तर त्यालाच शिक्षा. बाईनं नवऱ्याचं नाव सांगायला नको असेल तर तिच्यावर जबरदस्ती नाही.

शेवटच्या वाक्याला मागं उभ्या असलेल्या बायका हसल्या. नाईकाची सून हंसाबाई म्हणाली, "म्हंजे सरकारलेही मालूम आहे का आमी नाव घेत नाई म्हनून?"

"आहे. कायद्यातच लिहिलं आहे."

नाईक मात्र हसला नाही. "कागद बोलते ते कागदापुरतं," तो म्हणाला. "जमादार आला तं तुमी काय करसान, ते सांगा."

"देणार नाही."

"पाहू," म्हणून तो उठला आणि त्यानं खाट वाटेतून बाजूला घेतली.

दोन दिवसांत बाईंनी एकशे चौसष्ट चिठ्ठ्या भरल्या. मातृभाषेच्या जागी लोकांनी सांगितलं तसं 'गोरबोली' लिहिलं. पण एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. दंडापर्यंत सवाष्णीचा चुडा भरलेल्या बायका पुष्कळ आणि नवरे कमी. एका घरात तीन सुना आणि मुलगा एकच. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'गेला कामाले.' कुठं, ते नाही. तरणी माणसं लपवून ठेवलीत हे उघड होतं. बाईंनी हट्ट धरला नाही. सांगितलं तेवढंच लिहिलं आणि घरी येऊन त्या आकड्याकडे बघत बसल्या. मारोतरावांना म्हणाल्या, "गणित चुकलं आहे. पण खोडता येत नाही."

त्याच आठवड्यात बापूजी पाटलांच्या गोठ्यातून बैलांची जोडी गेली. गावाला विचार करायची गरज पडली नाही; सगळ्यांचं बोट टेकडीपलीकडे. दुसऱ्या दिवशी शाळा भरलेली असताना ठाण्याचा जमादार आला आणि पाटलांना घेऊन सरळ वर्गात शिरला.

"बाई, तांड्याच्या चिठ्ठ्या काढा. कोण कोण घरी होतं, कोण नव्हतं, सारं त्यात असेल."

"त्या दाखवता येत नाहीत."

"मी सरकारचाच माणूस आहे."

"मीही आहे," बाई म्हणाल्या. "मला सरकारनं दाखवू नका म्हणून सांगितलं आहे."

पाटील मवाळ आवाजात बोलले. ते शाळेचे आधारस्तंभ. छपरावरची कवेलू, म्हणजे कौलं, त्यांनीच दिलेली. "बाई, माहे बैल गेले. तुमी ढोल्याची सून. गावाच्या का तांड्याच्या?"

"तुमच्या घरच्या चिठ्ठ्याही माझ्याजवळ आहेत, पाटील. त्याही मी कोणाला दाखवणार नाही."

जमादारानं टेबलावरच्या पिशवीकडे हात केला. बाईंनी ती उचलून पोटाशी धरली आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. चाळीस मुलं बघत होती. जमादारानं हात मागं घेतला. बाईच्या अंगाला हात लावणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. "उद्या हुकूम घेऊन येतो," म्हणून तो गेला.

सांजच्याला मारोतराव भाकरीवरून उठला. त्याचं पाटलांशी रोजचं बसणं-उठणं होतं. "वहिनी, माह्या तोंडावर लोक थुंकून राह्यले. द्या ना कागद, काय होते? खरं असंल तं सापडतीन."

"भाऊजी, मी शब्द दिला आहे."

"लमाणाले?"

"लखीरामले," बाई म्हणाल्या. मारोतराव मला हे सांगताना म्हातारे झाले होते, आणि 'लमाणाले' हा आपला शब्द उच्चारताना त्यांनी मान खाली घातली.

पहाटे बाई पिशवी पदराखाली घेऊन निघाल्या. चार मैल चालून सडकेवर आल्या आणि मोटारीनं पुसदला गेल्या. कचेरीत जनगणनेचं काम बघणारा कारकून भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर आहे बाई. कायदा तसाच आहे."

"मग तसं लिहून द्या."

"लिहून?" तो खुर्चीत मागं सरकला. "ते साहेबांचं काम. साहेब दौऱ्यावर गेले. चार दिवसांनी या."

चार दिवस बाईंजवळ नव्हते. त्या व्हरांड्यात बसल्या आणि स्वतःच एक अर्ज लिहिला. सावरटेकच्या सर्व चिठ्ठ्या माझ्या ताब्यात आहेत, जनगणना खात्याशिवाय त्या मी कोणालाही दाखवणार नाही, यापेक्षा वेगळा हुकूम असल्यास कचेरीनं तो मला लेखी द्यावा. खाली सही, तारीख, वेळ. दोन प्रती.

"यावर काही लिहू नका," त्या कारकुनाला म्हणाल्या. "फक्त मिळाला म्हणून शिक्का मारा आणि एक प्रत मला द्या."

पोच द्यायला कोणाची हरकत नसते. त्यानं शिक्का मारला.

जमादार आला तो एक दिवस उशिरा आणि हुकमाशिवायच. बाईंनी शिक्क्याचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला. शिक्का पुसदचा होता, आणि वेगळा हुकूम लेखी मागितलेला होता. तसा हुकूम मागायला जाणं म्हणजे आपलंच नाव कागदावर चढवणं, हे त्यालाही कळलं. तो तिथून थेट तांड्यावर गेला.

म्हणजे बाईंनी तांड्याला वाचवलं असं नाही. जमादारानं घरं उलथीपालथी केली आणि उत्तमसिंग आणि देवसिंग या दोघांना, समोर सापडले म्हणून, ठाण्यावर नेलं. तीन दिवस मारहाण करून, काहीच निघालं नाही म्हणून सोडलं. पण नाईकाच्या ओट्यावर उभं राहून तो ओरडला होता, "त्या मास्तरणीनं यादी दिली असती तं एकेकाले नाव घेऊन उचललं असतं." हे साऱ्या तांड्यानं ऐकलं.

मार्चच्या पहिल्या तारखेपासून पाच दिवस फेरतपासणी असते. मधल्या काळात जन्मलेलं मूल लिहायचं, मेलेला कमी करायचा, राहिलेलं माणूस घ्यायचं. बाई गाव उरकून तांड्याकडे निघायच्या बेतात होत्या, तेवढ्यात सकाळीच हंसाबाई शाळेच्या दारात आली. "मामंजीनं बलावलं," म्हणाली. "कागद थोडे जास्त घ्या, म्हने."

तांड्यावर पोचल्या तर लिंबाखाली सतरा तरणी माणसं एका रांगेत उभी होती. टोकाला देवसिंग, त्याचा एक डोळा अजून सुजलेला. नाईक समोर उभा.

"बाई, हे लिहाचे राह्यले," तो म्हणाला. "घ्या नावं."

बाईंनी रांगेकडे पाहिलं. मग पिशवी न उघडताच म्हणाल्या, "नाईक, यांना घरोघरी पाठवा."

"काहून? सारे इथंच आहेत, लवकर होईन."

"ही हजेरी नाही. मी प्रत्येकाच्या घरी जाऊन लिहीन, बसून."

नाईकानं फेट्याचा शेमला डोळ्यांना लावला आणि हातानं माणसांना जायची खूण केली. रांग मोडली. बाई घरोघर गेल्या. प्रत्येक ओट्यावर त्यांच्यासाठी गोधडी अंथरली होती. सगळ्यात जास्त वेळ देवसिंगच्या घरी लागला, कारण त्याला जन्मगाव माहीत नव्हतं आणि त्याची म्हातारी आई सोनीबाई तांड्याचा सगळा प्रवास, मुक्कामासकट, सांगत बसली. नाईकाच्या घरात आठ दिवसांपूर्वी नात झाली होती. नाव ठेवलं नव्हतं. बाईंनी तिचीही चिठ्ठी भरली. एकशे चौसष्टाचे एकशे ब्याऐंशी झाले. त्या दिवशी त्यांना पाणी मिळालं, चहा मिळाला आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पाटलांचे बैल सापडले नाहीत. कोणी नेले ते आजतागायत कळलेलं नाही. पाटील बाईंशी पुन्हा बोलले नाहीत, शाळेच्या छपरावर नवी कवेलू आली नाहीत आणि जूनमध्ये बाईंच्या बदलीचा कागद आला. कोणी केली, कशी केली, हे त्यांनी विचारलं नाही. रद्द करून घ्या, असं मारोतराव म्हणाला. "तिथंही पोरं आहेतच," म्हणून त्यांनी ट्रंक भरली. गाडी जुंपून त्यांना सडकेपर्यंत सोडायला मात्र मारोतरावच गेला.

१९६३च्या एप्रिलात लखीराम नाईक मोटारीनं कळंबला आला आणि पत्ता विचारत बाईंच्या घरी पोचला. तांड्याला शाळा पाहिजे होती. अर्जात शाळेच्या वयाची पोरं किती ते लिहायचं होतं. "तुमाले तं सारं मालूम आहे," तो म्हणाला. "तेवढा आकडा सांगा."

"त्या चिठ्ठ्यांतलं मी सांगू शकत नाही, नाईक."

म्हातारा बघतच राहिला. "आमचंच आमाले सांगत नाई?"

"नाही. पण परीक्षा संपल्या आहेत. चला, पुन्हा मोजू."

तिसऱ्या दिवशी त्या एक कोरी वही घेऊन टेकडीपलीकडे गेल्या आणि एका टोकापासून घरं घ्यायला लागल्या. त्रेचाळीस मुलं निघाली. अर्ज त्यांनीच लिहिला, दोन प्रतींत, आणि पुसदला नेऊन शिक्का मारून आणला. उत्तर आलं नाही तेव्हा दुसरा पाठवला, मग तिसरा. दोन वर्षांनी एका मास्तराची नेमणूक झाली. शाळा नाईकाच्या ओट्यावर भरू लागली, आणि पहिल्या दिवशी नाव लिहायला चार वर्षांची जमनीसुद्धा आली होती, जिची चिठ्ठी नाव न ठेवताच भरली होती. वय कमी म्हणून मास्तरानं तिला परत पाठवलं. ती दोन वर्षांनी पुन्हा आली.