पूजेला बसलेलं जोडपं

न्याय मागायला वकील लागत नाही, माणूस खरा असला की पुरे. दोह्यात असताना हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवलं. एका वकिलाने फी सांगितल्यावर त्याच्या ऑफिसातून पार्किंगपर्यंत येताना ते मला सुचलं होतं.

वर्ल्ड कपची तयारी जोरात होती. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या गल्लीत जगाचं स्वागत करणारा फलक लागला होता आणि त्याच्यामागे रस्ता खणून ठेवला होता. तिथल्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी नववीतली मुलगी राहायचो. नवरा ऐंशी किलोमीटरवर दुखान गावी, कंपनीच्या वसाहतीत. घटस्फोट झाला नव्हता, पण एकत्र राहणं केव्हाच संपलं होतं. मुलीची पोटगी एक सरकारी कार्यालय त्याच्या पगारातून वसूल करून मला देई. शाळेची फी त्यातून जायची. ती थांबली तर मुलीला नाशिकला माझ्या भावाकडे पाठवावं लागणार होतं.

ती थांबली. मी कार्यालयात गेले, तेव्हा खिडकीतला तरुण इंग्रजीत म्हणाला, "तुमचं पुन्हा जमलं ना? अभिनंदन." आणि त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. नवऱ्याने सादर केलेला फोटो होता. पाटावर आम्ही दोघं, माझ्या पदराला त्याच्या उपरण्याची गाठ.

तिथल्या मराठी मंडळाचा गणपती अध्यक्षांच्या व्हिलात बसायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्या वर्षी पूजेला बसणाऱ्या जोडप्यातली बाई तापाने पडली आणि काकांना आम्ही आठवलो.

"मुलीकडे बघून बस गं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

"काका, आम्ही वेगळे राहतो हे सगळ्यात आधी तुम्हालाच सांगितलंय."

"पण गणपतीला कुठे सांगितलंयस?"

मी हसले आणि बसले. गाठ काकूंनी बांधली.

मी त्या कार्यालयावरच दावा लावला. मुद्दा फोटोचा नव्हताच. मला एका शब्दाने न विचारता माझ्या मुलीची फाइल बंद केली, हा होता. पण आम्ही वेगळे राहतो आणि पूजेला आग्रहाने बसवलं गेलं, हे सांगणारा एक साक्षीदार हवा होता. काका लगेच म्हणाले, "येतो की. खरं सांगायला भीती कसली?"

तारखेच्या आदल्या दिवशी काका-काकू बेसनाचे लाडू घेऊन आले.

"पूजा कुठे झाली असं विचारलं तर काय सांगू?" काका म्हणाले. "माझ्या हॉलमध्ये, माइक लावून? परवानगीशिवाय अशी पूजा चालत नाही इथे. त्यात आपलं ढोलपथक स्टेडियमच्या कार्यक्रमाला निवडलंय. सरकारी पास यायचेत अजून."

"आणि खरं सांगू का," काकू म्हणाल्या, "फोटोत तुम्ही दोघं किती छान दिसता."

"काकू, तो फोटो त्याला कुणी दिला?"

"मागितला त्याने. नवराच आहे ना तुझा?"

मी चहा टाकला. माणसं दारात आली की चहा टाकायचा, एवढं हाताला ठाऊक होतं.

कोर्टात न्यायाधीशांनी दुभाष्यामार्फत विचारलं, ही गाठ कुणी बांधली? मी म्हटलं, यजमानीणबाईंनी. त्या आल्यात? नाही. त्यांचे यजमान? तेही नाहीत. माझ्याजवळची टाचणं लावलेली जाडजूड फाइल मी पुढे सरकवली. बाकी माझ्याकडे काही नव्हतं.

तारखा पडत राहिल्या. वर्षअखेरीला शाळेने थकलेली फी मागितली, आणि मुलीला नाशिकला पाठवलं. विमानतळावर ती म्हणाली, "इट्स ओके, आई. काकूंना सांग, मी पोचले की फोटो पाठवीन." हे ती कुठे शिकली, मला माहीत आहे.

त्यानंतर निकाल लागला. मी जिंकले. संबंधित आईचं म्हणणं ऐकल्याशिवाय कार्यालयाने निर्णय घ्यायला नको होता, तिला बोलावून ऐकावं, असं कोर्ट म्हणालं.

कार्यालयाने मला बोलावलं. अधिकारी सौजन्याने वागले. तिकडचा दाट दुधाचा करक चहा आला. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, मुलगी सध्या कुठे असते?

मी सांगितलं.

मूल देशात राहत नसेल तर वसुली करता येत नाही, असा नियम होता. फाइल बंद झाली.