चर्चच्या खिडकीतला चेहरा

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं दगडी चर्च इंग्रजांनी बांधलं आणि दोन युद्धांतून ते सुखरूप राहिलं, असं तिथे येणाऱ्याला आजही अभिमानाने सांगितलं जातं. ते खोटं नाही. भिंतींना ओरखडाही आला नव्हता. तरीही ते वाक्य कानावर पडलं की माझी मान खाली जाते.

वेदीमागच्या उंच खिडकीत विलायती रंगीत काचांची मरिया होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गारपिटीत तिच्या चेहऱ्याची काच फुटली. विलायतेहून नवी काच येणं तेव्हा शक्य नव्हतं. माझे वडील, आमचे आबा, रेल्वेत स्टेशनांच्या पाट्या रंगवत. पाद्र्यांनी त्यांना बोलावलं आणि साध्या काचेवर ऑइलपेंटने त्यांनी तो चेहरा काढला, असं ते सांगत.

"ते तोंड मीच काढेल शे," हे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांच्या अहिराणीत ऐकावं लागे.

कॉलनीतले लोक चेष्टा करत, "आबा, तुमची मरिया पारोळ्याच्या बाजाराला निघाल्यासारखी दिसते."

आबा हसत. मला मात्र लाज वाटे. मी कॉलेजात शिकून नुकताच रेल्वेच्या ऑफिसात लागलो होतो. खिडकी खालून इतकी एकसंध दिसे की आबांचं बोलणं मी बढाईच समजत होतो.

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध पेटलं. मोठं जंक्शन, शेजारी दारूगोळ्याचा कारखाना. ब्लॅकआउट कडक होता. घरांच्या काचांवर खाकी कागद चिकटवले गेले. चर्चच्या उंच खिडक्यांवर कागद टिकेना, म्हणून लोको शेडमधल्या माणसांनी वॅगनच्या छपरांना लावायचा डांबरी रंग त्यांना आतून फासला.

युद्ध लवकर संपलं आणि नाताळ तोंडावर आला. चर्चची देखभाल एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर करत. सगळे त्यांना नाना म्हणत. रॉकेलने तो काळा रंग हटेना. शेडमध्ये इंजिनाचे तेलकट भाग कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यात धुण्याची पद्धत होती. तेच पाणी बादल्यांतून आणायचं ठरलं. मदतीला गेलेल्यांत मीही होतो. आबा तेव्हा पारोळ्याला आत्याकडे गेले होते.

नाना खिडकीकडे पाहत थांबले. "यातलं तोंड तुझ्या बापाच्या हातचं ना रे? सोड्यात टिकेल?"

"आबांचं काय मनावर घेता, नाना," मी म्हणालो. "ते पाट्या रंगवणारे. ही विलायती काच आहे, भट्टीतला पक्का रंग."

"बघ हो. नाहीतर त्यांना येऊ दे पारोळ्याहून."

"तोवर नाताळ होऊन जाईल."

पोरं हसली. नानांनी शिडी धरली आणि वर मीच चढलो. झग्याचा निळा रंग धुऊन पूर्वीपेक्षा उजळ निघाला. मग मी चेहऱ्यावरून फडकं फिरवलं. आधी काळं उतरलं, त्यामागून तांबूस काहीतरी ओघळलं आणि काचेतून मला अंगणातला निंब स्वच्छ दिसू लागला.

नाताळच्या सकाळी आबा आले. कॉलनीतली बरीच घरं त्या दिवशी चर्चला जात, तसे आम्हीही गेलो. ते खिडकीपुढे बराच वेळ उभे राहिले. नाना ओशाळून म्हणाले, "आबा, मी थांबायला हवं होतं."

"कच्चा रंग व्हता, नाना," आबा म्हणाले. "पोरेस्नी काय चूक शे?"

शिडीवर कोण होतं, हे त्यांनी विचारलं नाही. मी शेजारीच उभा होतो. सांगू शकलो असतो. नानांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि केकची थाळी पुढे केली.

पुढे ईस्टरच्या सुमारास पाद्र्यांनी आबांना तो चेहरा पुन्हा काढायला सांगितलं. हात कापतो म्हणून त्यांनी नकार दिला. त्यानंतर घरी पाहुणे येत राहिले, पण ते तोंड आपण काढलं होतं, हे आबा कुणाला सांगेनासे झाले. एकदा मीच पाहुण्यांसमोर तो विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. लोकांना खरं वाटत नाही."

माझ्याशी ते एरवी कधी प्रमाण मराठीत बोलत नसत.