टाळीवाले आणि मऊ खुर्च्या

सभागृहात आवाजाची यंत्रणा सांभाळणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे टाळीवालेच म्हणत. रोज सकाळी आल्याबरोबर ते रिकाम्या रंगमंचाच्या मधोमध उभे राहत, डोळे मिटत, एक टाळी वाजवत आणि तिचा आवाज घुमत घुमत विरेपर्यंत एकेक बोट मिटत. चार बोटं मिटली की हॉल ठीक आणि टाळीवालेही ठीक. लाकडी खुर्च्या रिकाम्या असल्या की आवाज असा मोकाट हुंदडायचा. माणसं येऊन बसली की त्यांची अंगं आणि कपडे तो गिळून टाकत. म्हणून हॉल भरला की आवाजाचं बटण दोन खुणा वर, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. व्यवस्थापकांनी एकदा मोजायचं यंत्र आणायचं काढलं, तेव्हा माझे कान काय भाड्याने आणलेत, असं विचारून त्यांनी विषयच संपवला होता.

या तोऱ्याच्या आत मात्र भीती दबा धरून बसली होती. त्यांचे वडील साठीच्या आत ठार बहिरे झाले होते. मुलं काही सांगायला गेली की ते न ऐकताच मान डोलवत. टाळीवाल्यांना आता अठ्ठावन्न पूर्ण झाली होती.

महिनाभर हॉल बंद ठेवून जाड गाद्यांच्या नव्या खुर्च्या बसवल्या गेल्या. उघडल्यावर पहिल्याच सकाळी टाळीवाल्यांनी टाळी वाजवली. एक बोट मिटलं आणि सगळं चिडीचूप. तळहात लाल होईपर्यंत त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण दुसरं बोट काही मिटेना. आवाज दबका वाटला म्हणून त्यांनी बटण सकाळीच वर लावून ठेवलं. संध्याकाळी हॉल खच्चून भरला आणि सवयीने त्यांनी ते आणखी दोन खुणा वर नेलं. माइकने अशी कर्कश शीळ घातली की पाचशे माणसांनी कानांवर हात ठेवले. व्यवस्थापक रागावले नाहीत. एकदा कान दाखवून या, एवढंच म्हणाले. घरी टाळीवाल्यांनी हॉल छान झालाय एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सैल खुर्च्या आवळायला आलेला गादीवाला, टाळी घुमत नाही, कान गेले की काय, हे त्यांचं म्हणणं ऐकून हसला. “अहो, कान कसले? या गाद्या माणसांसारखाच आवाज पितात. हॉल रिकामा असला तरी भरलेलाच समजा.”

हायसं वाटलं, पण जेवणापुरतंच. जुन्या लाकडी खुर्च्या ठेवलेल्या मागच्या उघड्याबोडक्या गोदामात आवाज अजून घुमत असणार, हे त्यांना ठाऊक होतं. चार दिवस ते तिकडे फिरकले नाहीत. हॉलमधला दोष गाद्यांवर ढकलता येत होता, गोदामात गाद्या नव्हत्या.

पाचव्या दिवशी, घरासाठी एखादी जुनी खुर्ची निवड, असं सांगून त्यांनी बायकोला तिथे नेलं. मग म्हणाले, डोळे मीट आणि आवाज संपेपर्यंत बोटं मिटत जा. या वयात काय खेळ मांडलाय म्हणत तिने डोळे मिटले.

टाळीवाल्यांनीही डोळे मिटून टाळी वाजवली. आवाज आला, चांगला घुमला. एक, दोन, तीन. संपला. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते उघडले.

बायकोचे मिटलेलेच होते. तिचं चौथं बोट मिटत होतं. मग सावकाश अंगठा मिटला.

तिने डोळे उघडले, नवऱ्याची तीन बोटं पाहिली, मग त्याचा चेहरा पाहिला. हळूच तिने स्वतःची दोन बोटं सरळ केली.

“तीनच,” ती म्हणाली.

टाळीवाल्यांनी मान डोलवली.