धरलेली बाही

मला ज्युडोचा ब्लॅक बेल्ट मिळाला तेव्हा आमच्या अकोले गावच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लागला. त्यावर ‘कराटे’ लिहिलं होतं आणि हवेत लाथ मारणाऱ्या कुठल्याशा बाईच्या धडावर माझं तोंड चिकटवलं होतं. ज्युडोत लाथ मारत नाहीत. हे फ्लेक्स लावणाऱ्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, “मॅडम, डेंजर बाई हाय हे लोकांना कळाय नको का?” तेव्हापासून माझं डोकं फिरलंय ते आजतागायत.

डेंजर कसली, डोंबल! आमच्या सरांनी मला कितीतरी महिने नुसतं पडायला शिकवलं. मागं पड, कुशीवर पड, मान आत घे. मग टाकायला शिकवलं, आणि टाकताना समोरच्याची बाही शेवटपर्यंत धरून ठेवायला. बाही धरून वर ओढली की पडणाऱ्याचं डोकं आपटत नाही. ती सुटली की तो कसाही पडतो, आणि सर सगळ्यांसमोर असे झापायचे की जेवण जायचं नाही. त्या काळ्या पट्ट्याचा अर्थ एवढाच, की मुळाक्षरं गिरवून झाली आणि माणूस हातात दिला तर ही बाई त्याला मोडणार नाही. लिहा की हे फ्लेक्सवर!

नातेवाइकांचं तर विचारूच नका. जो तो म्हणतो, “मला पाडून दाखव.” गावात नवा डॉक्टर आला तर त्याला कुणी माझं पोट फाडून दाखव म्हणतं का?

यात सगळ्यांत पुढं आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घोडेगावच्या बाजारात म्हशींचा व्यापार, तालमीत कमावलेलं अंग, आवाज मोठा. दिसले की सुरू, “पट्टा खरा हाय, का पँट सुटू नये म्हनून बांधलाय?” मेव्हणीची थट्टा करायचा दाजींना हक्क असतो आणि मेव्हणीनं हसायचं असतं. मी हसायचे. कारण हेच दाजी घरी ताईवर हात उचलतात. सगळ्यांना ठाऊक आहे. ताई म्हणते गोठ्यात पाय घसरला, आणि सगळे तिला गोठ्यातली फरशी बदलायला सांगतात. मी दाजींना चारचौघांत काही बोलले, तर त्याची वसुली संध्याकाळी तिच्याकडून होणार, म्हणून मी इतकी वर्षं दात आवळून गप्प.

मागच्या उन्हाळ्यात मामेभावाचं लग्न झालं, राजूर रस्त्यावरच्या एका लॉन्समध्ये. ताईनं अक्षता डाव्या हातानं टाकल्या. मावशी तिच्यावरच खेकसली, “डाव्या हातानं अक्षता टाकत्यात व्हय गं?” ताईचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी ते बघितलं आणि माझ्या अंगाची आग झाली.

मग जेवणाच्या वेळी मी ताईसाठी ताट वाढून घेत होते. मागून दाजी आले आणि त्यांनी माझ्या गळ्याभोवती हात टाकून करकचून आवळला. “सोडव बरं आता, ब्लॅक बेल्ट!” भोवतीचे फिदीफिदी हसले. माझ्या हातातलं ताट पडलं, वरण साडीवर सांडलं. हात सुटेना. थट्टा असली की माणूस हात सैल ठेवतो. हा सैल नव्हता.

मी खाली बसल्यासारखी झाले, त्यांची बाही धरली आणि त्यांना खांद्यावरून पुढं घेतलं. खाली नुसती फरशी होती. फेटा टेबलाखाली घरंगळत गेला. पण बाही माझ्या मुठीत होती आणि ती मी वर ओढून धरली. दाजी पाठीवर अलगद टेकले. त्यांना खरचटलंसुद्धा नाही.

“धोबीपछाड!” कुणीतरी ओरडलं. मावशी म्हणाली, “अगं, दाजी हायेत ते, काय लाज हाय का?” दाजी उठले, कपडे झटकले, हसले. “मुद्दाम पडलो. मेव्हणीचं मन राखलं.” सगळ्यांना ते पटलं. माझ्या गळ्यावर उठलेले वळ एकालाही दिसले नाहीत. संताप संताप झाला. ओरडावंसं वाटलं, पण ताईला त्यांच्याच गाडीतून परत जायचं होतं.

हात धुवायच्या नळापाशी ती माझ्या साडीवरचं वरण डाव्या हातानं पुसत होती.

“आज माझ्याकडं चल,” मी म्हणाले.

“पोरं गाडीत बसलीत.”

“त्यांना पण घेऊ.”

ती पुसत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “तू त्यांची बाही धरून ठिवली. म्या बघितलं.”

तेवढ्या माणसांत तिला एकटीला ते दिसलं होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. “धरावीच लागते, ताई,” मी म्हणाले. “नाहीतर डोकं फुटलं असतं फरशीवर.”

“व्हय,” ती म्हणाली. “मग का धरली?”

बाहेर दाजींनी गाडीचा हॉर्न दाबून धरला. ताईनं पदर सारखा केला आणि ती गेली.