तीन पाड्यांचं मशीन

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मी गिटार वाजवणार, हे मी कुणी न विचारताच ठरवून टाकलं होतं. तेव्हा मी शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत मास्तर होतो. वय पंचविशीचं, म्हणजे आपल्याला सगळ्यातलं थोडंथोडं कळतं असं वाटण्याचं. गिटार विजेवरची होती, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. डाव्या हातातली पोलादी कांब तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. ट्रेनिंग कॉलेजात माझ्या खोलीवर राहणाऱ्या मित्राने मला ती शिकवली आणि नोकरीसाठी लांब जाताना माझ्याच गळ्यात मारली. टोकावड्याजवळच्या आमच्या गावात मी ती पहिल्यांदा काढली, तेव्हा बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तारांना इस्तरी कसली करतोस रे?"

त्यांचं तरी काय चुकलं? ती गिटार म्हणजे भरीव लाकडाची फळी. मशीन जोडल्याशिवाय तिचा आवाज समोरच्यालाही ऐकू जायचा नाही. मशीन म्हणजे अँप्लिफायर, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला. ते तापून लालसर दिसायला लागले की आवाज सुरू. आमच्या गावात विजेचे खांबसुद्धा आले नव्हते, त्यामुळे मोटारीच्या बॅटरीवर चालणारं मशीन हवं होतं. असं मशीन भाड्याने मिळण्याचं ठिकाण म्हणजे शहापूरच्या बाजारपेठेतलं एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान.

आता इथे आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. लग्नाचं आवतन म्हणजे घरोघर जाऊन अक्षता द्यायच्या. ज्याच्या घरी अक्षता गेल्या नाहीत तो येत नाही, आणि आला तर त्याची मान खाली जाते. पण लग्नांतून भोंगे वाजायला लागले तेव्हा भानगड झाली. एका पाड्यावरच्या लोकांना अक्षता गेल्या नव्हत्या, पण भोंग्यातली गाणी मात्र दिवसभर त्यांच्या डोक्यावर आदळत होती. संध्याकाळी ते लोक पोराबाळांसह मांडवात येऊन बसले. "दिवसभर कान आमचे फोडलंव, आन जेवायला नाय?" असा त्यांचा सवाल. जुन्या माणसांनी बसून विचार केला आणि ठरवलं की बरोबर आहे. तेव्हापासून ज्या पाड्यापर्यंत लग्नघरचा आवाज जाईल, त्या पाड्याला आवतन गेलं असंच धरायचं. त्या माणसांनी न बोलावता येण्यात कमीपणा नाही, आणि यजमानाने तोंड वाकडं करायचं नाही.

त्यामुळे आमच्याकडे मशीन घेताना कुणी वॅट-बिट विचारत नसे. "किती पाड्यांचं?" एवढंच विचारायचं. त्या दुकानाचा मिस्त्रीसुद्धा ते शिकला होता. त्याच्याकडे बॅटरीवरची मशिनं दोनच होती, एक तीन पाड्यांचं आणि एक सात पाड्यांचं.

"तीनवालंच आन," बाबांनी मला बजावलं. "सात पाडे जेवायला घालायचे तर मला शेतातल्या बेडकांकडून भात उसना घ्यावा लागंल."

मी निघालो तशी आई गोठ्यापर्यंत माझ्याबरोबर आली आणि हळूच म्हणाली, "मोठं आन रे पोरा. नदीपल्याड आवाज गेला पायजे."

नदीपल्याड माझा मामा राहायचा. आईचा एकुलता एक भाऊ. दोन वर्षांपूर्वी म्हसा गावच्या जत्रेत त्याने बाबांना एक बैल निवडून दिला होता. शिंगं सुरेख, चाल सुरेख. पहिल्याच नांगरणीला तो बैल चिखलात बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. बाबा चार लोकांत म्हणाले, "बैलाची पारख मेव्हण्याला, म्हंजे आंधळ्याला आरसा." मामाने ते ऐकलं आणि तो चालता झाला. त्यानंतर नदीच्या या काठाला त्याने पाय लावला नव्हता. बाबा म्हणत, त्याने यावं. तो म्हणे, अक्षता येऊ देत. बाबा म्हणत, अक्षता जायच्या नाहीत. आणि आमच्यात मुलीला मांडवात आणायची मामाने, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं मामाने. भावाविना लेकीचं लग्न ही कल्पनाच आईला सोसत नव्हती. मामाचा पाडा आमच्यापासून सहावा. सात पाड्यांचं मशीन आलं असतं तर बाबांना वाकावं लागलं नसतं आणि मामाला येण्याचं निमित्त मिळालं असतं. आईने हे सगळं मनात नीट मांडून ठेवलं होतं. मी "बरं" म्हणालो, आणि खरंच मोठं आणायचं ठरवूनच निघालो.

दुकानात मिस्त्रीने दोन्ही मशिनं फळीवर शेजारी शेजारी ठेवली. मोठं म्हणजे करड्या रंगाचा पत्र्याचा डबा, सोबत भलाथोरला कर्णा. लहान त्याने स्वतः जोडलेलं, एका जुन्या रेडिओच्या शिसवी खोक्यात. पुढे सोनेरी कापड, आत एकच स्पीकर. मी आधी मोठं लावलं. आवाज असा निघाला की पलीकडच्या किराणावाल्याने गल्ल्यावरून मान वर केली. पण गिटार गिटार राहिली नाही. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं काहीतरी वाजत होतं.

मग लहान लावलं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबलो आणि आई जात्यावर म्हणायची त्या ओवीची चाल धरली. काय सांगू! सूर खोक्यातून बाहेर यायचा आणि तिथेच दरवळत राहायचा. कांब जराशी हलवली की सूर थरथरायचा, आणि आई श्वास घ्यायला थांबायची तिथे तोही थांबायचा. दोन-तीन गिऱ्हाइकं उभी राहून ऐकायला लागली. मिस्त्री हातातली कात्री खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, हे गातंय. ते वरडतंय."

त्या क्षणी मी आईला विसरलो. खोटं कशाला सांगू? नंतर कारणं पुष्कळ जमवली. बाबांनी लहानच सांगितलंय, मोठ्याला दोन बॅटऱ्या लागतात, एवढा कर्णा एसटीत कोण घेईल. ही सगळी कारणं खरी होती, पण त्यातल्या एकामुळेही मी लहान मशीन घेतलं नव्हतं. गावाने माझी गिटार गोड ऐकावी आणि मला वा म्हणावं, एवढ्यासाठी ते घेतलं होतं.

शहापूरहून सरळगाव आणि तिथून टोकावडं, असा प्रवास ते खोकं गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन केला. व्हॉल्व्ह फुटू नयेत म्हणून प्रत्येक खड्ड्याला मी सीटवरून अर्धा उठायचो. कंडक्टरने दोनदा विचारलं, "मास्तर, पोट बरं हाय ना?"

घरी आलो तेव्हा आई अंगणात पापड वाळत घालत होती. तिने खोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती पाड्यांचं?"

"तीन."

ती हातातला पापड खाली पसरून म्हणाली, "बरं हाय. तुला आवडलंय ना."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. आल्या पावली परत फिरावं असं मला वाटलं, पण लग्न परवावर आलं होतं आणि शहापूरची वाट लांबची. तेव्हा मी तिनाचे सहा करायच्या मागे लागलो. खोकं पेंढ्याच्या उडवीवर चढवलं. आवाज पूर्ण सोडला तर ते गायचं सोडून घोगरं व्हायचं आणि जळका वास यायला लागायचा. शेवटी अर्ध्याच्या थोडं पुढे ठेवलं. तारा छेडायला बहिणीला बसवलं. हळद लागलेल्या नवरीने काम करायचं नसतं, पण ती म्हणाली, "हे काम कुठं हाय? हे तर पिंजणं हाय." ती बसून तारा पिंजत राहिली आणि मी शेतांतून नदीच्या दिशेने चालत गेलो. पहिला पाडा, दुसरा, तिसरा. प्रत्येक बांधावर थांबून कान द्यायचा. नदीच्या अलीकडे शेवटची आंब्याची झाडं आहेत तिथे आवाज पार बारीक झाला, आणि पाण्याजवळ उतरल्यावर बुलबुलांशिवाय काही ऐकू येईना. पलीकडे मामाच्या घराची कौलं दिसत होती. मी तिथेच खडकावर बसलो आणि स्वतःला शिव्या घातल्या. परत आलो तेव्हा बहीण अजून पिंजतच होती. तिची बोटं लाल झाली होती. तिने विचारलं, "पोचला?" मी मानेनेच नाही म्हणालो. तिने कांब माझ्या हातात दिली आणि ती आत गेली.

लग्नाचा मुहूर्त दुपारचा होता. मी सकाळपासूनच वाजवायला बसलो. लोकांना गिटार आवडली. वऱ्हाडातला एक जण खोक्याच्या मागे जाऊन आत कोण बसलंय ते बघून आला. एक म्हातारी म्हणाली, "मांजरीचं पोर रडतंय जनू, पन गोड रडतंय." मला हवी होती ती सगळी वाहवा मिळत होती, आणि मला ती नकोशी झाली होती. आई मांडवात फिरकलीच नाही. ती चुलीपाशी बसून होती, आणि तिथे करायला काही उरलं नव्हतं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम करत होते, पण त्यांची नजर दर थोड्या वेळाने शेतांकडे जायची. ते मी पाहिलं आणि मला नवल वाटलं. तोवर मी धरून चाललो होतो की मामा नको आहे तो त्यांनाच.

भटजींनी नवरीला आणा म्हणून सांगितलं आणि विचारलं, "मामा कोण?"

आईच्या चुलत घराण्यातला एक लांबचा मामा तयार ठेवला होता. तो फेटा सावरत उठला. मला पुढचं बघवेना. मी मान खाली घातली आणि दुसरं काही सुचेना म्हणून ती आईची ओवी धरली, डोळे मिटून, सगळी.

ती संपली तेव्हा मांडवात कुणी बोलत नव्हतं. माझ्या वाजवण्याने लोक गप्प झाले असं मला क्षणभर वाटलं. डोळे उघडले तर सगळे मांडवाच्या तोंडाकडे बघत होते. मामा उभा होता. नवं धोतर, फेटा, हातात नारळ. मागे मामी आणि तिन्ही पोरं, केस चापून बसवलेली.

बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"आवाज आला?" बाबांनी विचारलं.

"आला."

"नदीपल्याड?" बाबांचा आवाज कडक होता. ते मशीन तीन पाड्यांचं आहे हे मांडवातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

मामा खोटं बोलला असता तर कुणी त्याला धरलं नसतं. पण तो तसा माणूस नव्हता. "नाय दाजी," तो म्हणाला. "पल्याड नाय येत. सकाळी पल्याड कान देऊन उभा ऱ्हायलो, तर कायच नाय. मग पानी वलांडून अल्याड आलो. तितं येत हुता. तितं बसल्तो."

"कवापास्नं?"

"सकाळधरनं."

बाबांनी पोरांकडे पाहिलं. सर्वांत धाकट्याच्या गालावर आंब्याच्या सावलीत झोपल्याच्या खुणा होत्या, गवताच्या काड्यांच्या. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं.

"मग येवढा येळ बसलास कशाला रे?" शेवटी ते म्हणाले. "आवाज ऐकला तवाच उठून यायचं ना?"

"उठल्तो," मामा म्हणाला. "चार वेळा उठल्तो."

बाबांनी त्याच्या हातातला नारळ काढून घेतला, दंडाला धरून त्याला घराच्या दाराशी नेलं आणि आत हाक मारली, "पोरीला भायेर आना गो. तिचा मामा आलाय."